अंबडचं डेंटिंग-पेंटिंग गॅरेज: एक दरवाजा दुरुस्त, एक नवा

अंबड एमआयडीसीतल्या या गॅरेजला मी पाचपैकी चार तारे देतेय. एक तारा वेळेसाठी आणि फोनसाठी कापलाय, त्याबद्दल पुढे लिहिते. कामाला मात्र पूर्ण गुण. डावीकडचे दोन्ही दरवाजे चेपलेली गाडी घेऊन मी गेले होते. दरवाजाचं आतलं ट्रिम, म्हणजे आतलं आवरण, खोलल्याशिवाय त्यांनी आकडा सांगितला नाही आणि पुट्टी लावायच्या आधी उघडा पत्रा मला बोलावून दाखवला. या दोन गोष्टी जिथे होतात तिथे गाडी बिनधास्त द्यावी, असं माझं ठाम मत आहे.

मी सातपूरला एका प्रेस शॉपमध्ये क्वालिटी विभागात आहे. गाड्यांचे पॅनेल प्रेसमधून निघाले की त्यांच्यावर हात फिरवणं, दगड फिरवणं, उंचसखल शोधणं हे माझं रोजचं काम. नाशिकमध्ये महिंद्राची फॅक्टरी आणि तिच्या भोवतीचे छोटे-मोठे पुरवठादार असल्यामुळे पत्र्याचं काम कळणारी माणसं इथे भरपूर आहेत. तरीही गल्लीतल्या गॅरेजात गाडी गेली की सगळा विषय ‘पुट्टी किती आणि रंग किती’ इथेच येऊन थांबतो. म्हणून मी जरा सविस्तर लिहितेय.

झालं असं की दिंडोरी रोडला मार्केट यार्डाबाहेर सासऱ्यांची वाट बघत गाडी लावली होती. टोमॅटोचे क्रेट भरलेल्या एका पिकअपने मागे घेताना फाळक्याचा कोपरा माझ्या वॅगन आरच्या डाव्या अंगावर घासत नेला आणि न थांबता निघून गेला. पुढच्या दरवाजाला तळहाताएवढा पसरट खड्डा आणि त्यात एक ओरखडा. मागच्या दरवाजाची अवस्था वाईट होती. हँडलच्या खालून जी उभारलेली रेघ जाते, म्हणजे बॉडी लाइन, ती तुटली होती. तिथून खालच्या कडेपर्यंत धारदार घडी पडली होती आणि कडही आत दुमडली होती. दरवाजा जरा उचलून धरला तरच बंद व्हायचा.

अंबडला जायच्या आधी दोन ठिकाणी विचारलं. एका मोठ्या सर्व्हिस सेंटरमध्ये सल्लागाराने गाडीभोवती एक फेरी मारली, टॅबवर फोटो काढले आणि दोन्ही दरवाजे बदलायचे म्हणून अडतीस हजारांचं एस्टिमेट हातात ठेवलं. पुढचा दरवाजा का बदलायचा, असं विचारल्यावर उत्तर आलं, ‘मॅडम, आम्ही रिपेअर करत नाही, रिप्लेसच करतो.’ दुसरं ठिकाण रस्त्याच्या कडेचं. तिथे नऊ हजारांत दोन्ही दरवाजे, दोन दिवसांत गाडी नवी, असा शब्द मिळाला. दोघांपैकी एकानेही दरवाजा आतून बघितला नाही.

आता नऊ हजारांत ती घडी कशी निघणार होती, ते मला माहीत आहे. वरून चार ठिकाणी ओढायचं, उरलेला खड्डा पुट्टीने भरायचा आणि रंग मारायचा. पुट्टी वाईट नसते. दोन-तीन मिलिमीटरपर्यंतचा थर वर्षानुवर्षं टिकतो. पण बोटभर जाडीची पुट्टी दरवाजासारख्या रोज आपटल्या जाणाऱ्या भागावर टिकत नाही. उन्हाने पत्रा आणि पुट्टी सारखे प्रसरत नाहीत. आधी केसासारखी भेग पडते, मग त्यातून पाणी जातं आणि आतून गंज सुरू होतो. बाहेर रंगाचा फुगा दिसेपर्यंत खालचा पत्रा खाल्लेला असतो.

अंबडचं गॅरेज ऑफिसमधल्या एका सहकाऱ्याने सुचवलं. गरवारे पॉइंटवरून आत वळलं की शेडच्या रांगेत आहे, पाटी लहान आहे. मालकांना सगळे भाऊ म्हणतात. त्यांनी गाडी बघितली आणि पहिला प्रश्न विचारला, ‘ताई, इन्शुरन्सला कळवलंय का?’ मी नाही म्हटल्यावर त्यांनी खोलायचं काम थांबवलं. सर्व्हेअरने गाडी आहे त्या स्थितीत बघितली पाहिजे, आधी खोलली तर पुढे वाद होतो, असं म्हणाले. स्वतःच्या धंद्याचा वेळ घालवून गिऱ्हाइकाचा कागद आधी बघणारा माणूस मला तिथेच पटला.

सर्व्हेअर येऊन गेल्यावर ट्रिम खोललं. हँडलच्या वाटीतला स्क्रू, कडेच्या प्लास्टिक क्लिपा, काचेच्या स्विचची वायर, मग आतला पातळ प्लास्टिकचा पडदा. तो पडदा त्यांनी फाडला नाही, चिकट कड हलक्या हाताने सोडवून बाजूला चिकटवून ठेवला. हे मुद्दाम लिहितेय, कारण पुष्कळ ठिकाणी हा पडदा फाडून फेकतात. मग पावसात काचेवरून आत उतरलेलं पाणी थेट ट्रिमच्या पुठ्ठ्यावर येतं आणि गाडीत कुबट वास सुटतो.

मिस्त्री मालेगावचे आहेत, पन्नाशीच्या पुढचे, बोलतात कमी. त्यांनी माझ्या हातात टॉर्च दिला आणि म्हणाले, ‘ताई, आत बघा. तो आडवा पाइप दिसतो का?’ दरवाजाच्या आत, बाहेरच्या पत्र्यामागे, एक जाड मजबूत नळी आडवी बसवलेली असते. बाजूने धडक बसली तर माणसाला वाचवायचं काम तिचं. पुढच्या दरवाजात ती सरळ होती, पत्रा तिच्यापर्यंत पोचलाही नव्हता. मागच्या दरवाजात ती मधोमध वाकली होती. ‘हा पाइप मी सरळ करत नाही. गरम केला तर त्याचा दम जातो,’ असं मिस्त्रींनी सांगितलं. अगदी खरं आहे. हे पोलाद जास्त ताकदीचं असतं आणि ती ताकद उष्णतेच्या ठरावीक प्रक्रियेतून आलेली असते. गॅसची ज्योत लावून सरळ केलेली नळी दिसायला सरळ दिसेल, धडकेच्या वेळी मात्र तिच्यावर भरवसा ठेवता येणार नाही. मागच्या सीटवर माझी मुलगी बसते. निर्णय तिथेच झाला: मागचा दरवाजा नवा, पुढचा दुरुस्त.

चोवीस हजारांच्या आसपास एस्टिमेट आलं. त्यात नव्या दरवाजाचे साधारण साडेनऊ हजार, रंगाचे साडेदहा आणि बाकी डेंटिंगची मजुरी, क्लिपा, बीडिंग.

दुसऱ्या गाडीचा जुना दरवाजा बघायचा का, असंही भाऊंनी विचारलं. अंबड-सातपूर लिंक रोडचा भंगार बाजार महापालिकेने २०१७ मध्ये हटवला, तरी जुना माल अजून मिळतो म्हणे. दोन-तीन हजार वाचले असते. पण जुना दरवाजा कोणत्या गाडीचा, तिला काय झालं होतं, त्याची खालची घडी आतून गंजली आहे का, हे बाहेरून कळत नाही. भाऊंनी स्वतःच सांगितलं की त्या दरवाजाची आतून खात्री देता येणार नाही. मी नवाच घेतला.

पुढच्या दरवाजाचं काम बघायला मी सुटीच्या दिवशी मुद्दाम गेले. बिनरंगी डेंट काढता येईल का, हे मी आधी विचारलं होतं. त्या पद्धतीत आतून सळ्या घालून पत्रा हळूहळू बाहेर ढकलतात, रंगाला हात लावत नाहीत. पण त्यासाठी रंग अखंड लागतो, आणि माझ्या खड्ड्यात ओरखडा थेट पत्र्यापर्यंत गेला होता. त्यामुळे रंग खरवडून काढून पत्रा उघडा केला. मग त्यावर छोट्या चकत्या वेल्डिंग मशीनच्या टाक्याने चिकटवल्या. गॅरेजात त्यांना वॉशरच म्हणतात. त्यांना आकडा अडकवून सरकत्या हातोड्याने ओढायचं. मिस्त्री खड्ड्याच्या मधोमध सुरू करत नाहीत, हे लगेच लक्षात आलं. ते कडेने आत येतात. जिथे पत्रा सगळ्यात शेवटी चेपला, तिथून आधी सोडवतात. एका हाताने ओढ धरायची आणि दुसऱ्या हाताने आजूबाजूला जे उंचवटे आलेत त्यांच्यावर हलकी हातोडी मारायची. उंचवटा खाली बसला की खड्डा आपोआप वर येतो. जोर अगदी थोडा लागतो.

बहुतेक भाग आला, पण मधे एक रुपयाएवढी जागा राहिली. बोटाने दाबली की आत जायची, सोडली की टक् करून बाहेर. पत्रा तिथे ताणला गेला होता, म्हणजे होता त्यापेक्षा लांब झाला होता. दरवाजाचा बाहेरचा पत्रा एक मिलिमीटरही जाड नसतो, जास्त ठोकलं तर तो आणखी पसरतो. इथे घाई करणारा माणूस वरून पुट्टी फासून मोकळा होतो, आणि महिन्याभरात दरवाजा आपटला की आतून टक् ऐकू येतं. मिस्त्रींनी मशीनच्या टोकाने तिथे एक बारीक ठिपका लाल केला आणि लगेच ओल्या फडक्याने दाबला. वाफ निघाली. पुन्हा शेजारी एक ठिपका, पुन्हा फडकं. तापून एकदम थंड झालेला पत्रा आक्रसतो. तीन-चार ठिपक्यांनंतर त्यांनी मला म्हटलं, ‘आता दाबा.’ दाबलं, हलला नाही.

मग त्यांनी लांब कानस पत्र्यावर तिरपी फिरवली. उंच जागा चकचकीत झाल्या, खोल जागा मळकट राहिल्या. आम्ही फॅक्टरीत नव्या पॅनेलवर ऑइल स्टोन फिरवतो तो ह्याच कारणासाठी. डोळ्याला सपाट दिसणारा पत्रा दगडाखाली सगळं सांगून टाकतो. मी परवानगी घेऊन हात फिरवला, आम्ही कामावर फिरवतो तसा, हातमोजा घालून, बोटं एकमेकांना चिकटवून, रेघेच्या दिशेने लांब. एकाच जागी अगदी किंचित खोल लागलं. मी बोट ठेवलं, ते म्हणाले, ‘तिथे पुट्टी येणार, कागदाएवढी.’ आणि खरंच तेवढीच आली.

हे मी इतकं लांबवलं, कारण बाहेरच्या माणसाला दिसतो तो फक्त रंग. चांगला आणि वाईट डेंटर यांच्यातला फरक रंगाखाली दडतो. तुम्ही कुठेही गाडी द्या, पण पुट्टीच्या आधी मला बोलवा, एवढं सांगून ठेवा. बोलावणारा माणूस काम नीट करतो.

मागच्या दरवाजाचं काम वेगळं. कंपनीचा नवा दरवाजा काळ्या प्रायमरमध्ये नुसता सांगाडा म्हणून येतो. काच, काचेचं मशीन, लॉक, हँडल, वायरिंग, ट्रिम सगळं जुन्यातून काढून नव्यात बसवायचं. रंगाच्या आधी त्यांनी दरवाजा गाडीला लावून बघितला, फटी जुळवल्या, मग काढून रंगाला नेला. रंग झाल्यावर ओढाताण केली तर कडा उडतात, म्हणून हा क्रम. मी फटी मोजल्या. वर, खाली, पुढच्या दरवाजाशी आणि मागच्या पॅनेलशी, चारही बाजूंना फरक अर्ध्या मिलिमीटरच्या आत होता. पातळीही बरोबर, मागचा दरवाजा पुढच्यापेक्षा बाहेर आलेला नाही. तो बाहेर आला तर वाऱ्याचा आवाज येतो.

रंगाबद्दल मला सर्वात जास्त धास्ती होती, कारण गाडी सिल्व्हर. पांढऱ्या रंगात थोडं इकडेतिकडे खपून जातं. सिल्व्हरमध्ये ॲल्युमिनियमचे बारीक कण असतात आणि ते स्प्रे गनच्या दाबावर, अंतरावर, थर ओला की सुका यावर कसे पडतील ते ठरतं. तोच कोड, तोच डबा, तरी एक दरवाजा काळसर आणि दुसरा पांढुरका दिसू शकतो. पेंटरने आधी पत्र्याच्या एका तुकड्यावर मारून तो उन्हात माझ्या गाडीच्या फेंडरला, म्हणजे पुढच्या चाकावरच्या पत्र्याला, लावून बघितला. मग शेड थोडी बदलून दुसरा तुकडा. शेवटी दोन दरवाजांच्या कडेला रंग एकदम थांबवला नाही. पुढे फेंडरवर आणि मागे क्वार्टर पॅनेलवर (मागच्या चाकावरचा पत्रा) तो विरळ करत नेला आणि त्या दोन्ही पॅनेलवर फक्त क्लिअर, म्हणजे वरचा पारदर्शक थर, पूर्ण मारला. नजर एका पॅनेलवरून दुसऱ्यावर जाताना तिला थांबायला कुठे रेघ मिळत नाही. ह्याचे वेगळे पैसे लागले, आणि ते द्यावेतच. हँडल आणि काचेखालची रबरी पट्टी काढून रंग मारला, नुसता टेप लावून नाही. पट्टीवर रंगाचा एक कणही नाही.

खरं सांगायचं तर उन्हात आणि सावलीत शेड तंतोतंत आहे. रात्री आमच्या पार्किंगच्या पिवळ्या दिव्याखाली, तिरपं बघितलं तर मागचा दरवाजा एक छटा गडद वाटतो. घरात दुसऱ्या कोणालाच हा फरक दिसत नाही. मला दिसतो, म्हणून लिहिलं.

गाडी ताब्यात घेताना भाऊंनी स्वतः जाडीचं मीटर लावून दाखवलं. छतावर, जिथे कंपनीचा रंग आहे तिथे, ११० मायक्रॉन. पुढच्या दरवाजावर बहुतेक ठिकाणी दोनशेच्या आसपास, पुट्टीच्या जागी चारशेच्या आत. म्हणजे अर्धा मिलिमीटरही नाही. तुमच्याकडे मीटर नसेल तर फ्रिजवरचं लोहचुंबक पातळ फडक्यात गुंडाळून दरवाजावर फिरवा. जिथे ते सुटून पडतं, तिथे खाली पुट्टीचा गठ्ठा आहे.

आता क्लेमचा हिशोब, कारण हा प्रश्न मला चार जणांनी विचारला. गाडी साडेचार वर्षांची, झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारं जादा कव्हर, नाही. चार ते पाच वर्षांच्या गाडीला धातूच्या भागावर ३५ टक्के घसारा, प्लास्टिक-रबरला ५० टक्के. रंगाच्या बिलातला चौथा हिस्सा मटेरियल धरतात आणि त्यावर ५० टक्के. शिवाय दीड हजार सीसीपर्यंतच्या गाडीला एक हजार रुपये सक्तीची वजावट. सगळं धरून माझ्या खिशातून सहा हजारांच्या आत गेले, बाकी अठरा हजार कंपनीने दिले. गॅरेज कॅशलेसमध्ये नाही, आधी मी भरले, नंतर परत मिळाले. जीएसटीचं पक्कं बिल आणि जुन्या दरवाजाचे फोटो त्यांनी न मागता दिले.

पण नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियमवर मिळणारी सूट, गेला. माझा ४५ टक्क्यांवर होता, पुढच्या वर्षी ५० झाला असता. आता शून्य, मग २०, २५, ३५, ४५ असं पुन्हा चढायचं. पुन्हा ५० वर येईपर्यंत जो फरक पडतो त्याची बेरीज एका वर्षाच्या ओन डॅमेज (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीसाठीच्या) प्रीमियमच्या सव्वापट होते. माझ्या बाबतीत साडेसात हजारांच्या घरात. अठरा हजारांपुढे क्लेम परवडला. फक्त पुढचा दरवाजा चेपला असता आणि बिल सात-आठ हजार आलं असतं, तर क्लेम केलाच नसता. हा हिशोब भाऊंनी माझ्यासमोर कागदावर मांडला आणि लहान काम असतं तर स्वतःच खिशातून करा म्हणाले असते, असंही सांगितलं.

आता तक्रार. गुरुवारी गाडी देतो म्हणाले आणि पुढच्या मंगळवारी दिली. कारण खरं होतं. सलग पाऊस लागला होता, हवेत दमटपणा असला की कॉम्प्रेसरच्या लाइनमध्ये पाणी धरतं आणि क्लिअरखाली बारीक फोड येतात, म्हणून पेंटरने गन हातात घ्यायला नकार दिला. त्याने नकार दिला ते उत्तम केलं. माझी तक्रार अशी आहे की हे मला कोणी फोन करून सांगितलं नाही. मी सुटी टाकून, इंदिरानगरहून रिक्षा करून गेले तेव्हा कळलं. फोन तिथे दुपारभर वाजत राहतो, कोणी उचलत नाही. इतकं चांगलं काम करणाऱ्यांनी एक मुलगा फोनवर बसवावा, अशी कळकळीची विनंती आहे. बसायलाही एकच बाक आहे आणि बायकांसाठी स्वच्छतागृहाची सोय नाही. हे बदलायला हवं.

घरी आल्यावर मी दोन गोष्टी तपासल्या. दरवाजाच्या खालच्या कडेला पाणी निघून जायला भोकं असतात, ती रंगात किंवा सीलरमध्ये बुजलेली नाहीत ना, ते सुईने बघितलं. सगळी मोकळी. मग नळीने काचेवर पाणी सोडलं. खालून धार आली, आत पायाशी थेंब नाही. आठवड्याने त्र्यंबकेश्वरला गेलो, तिकडचा पाऊस तुम्हाला माहीत आहे, तरी मॅट कोरडी राहिली. फक्त रस्त्यावरच्या खड्ड्यात मागच्या दरवाजातून किरकिर यायला लागली. परत नेली, एक क्लिप अर्धवट बसली होती. मिस्त्रींनी ट्रिम काढून क्लिप बदलली, पैसे घेतले नाहीत, आणि दुसऱ्या दरवाजाच्या क्लिपाही दाबून बघितल्या.

महिनाभर वॅक्स लावू नका, ब्रशच्या मशीनमध्ये धुऊ नका, असं बजावलंय. एस्टिमेटसाठी जायचं असेल तर सकाळी दहाच्या सुमाराला जा, दुपारनंतर गल्लीत ट्रक लागतात आणि गाडी आत घालायला जागा मिळत नाही. शुक्रवारी दुपारी मिस्त्री नसतात. त्यांनी स्वतः दरवाजा बघितल्याशिवाय भाऊ आकडा सांगत नाहीत, तेव्हा तो वेळ टाळा.